एका झाडाची दोन पाने : उन्हातले आणि सावलीतले

आंब्याच्या एकाच झाडावर दोन प्रकारची पाने असतात : बाहेरची, उन्हात वाढलेली आणि आतली, सावलीत वाढलेली. दोन्ही हिरवीच, परंतु त्यांची घडण आणि अन्न तयार करण्याची क्षमता भिन्न असते.

उन्हातील पान जाड असते. त्यात उभ्या पेशींचे थर अधिक असतात आणि कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवणारे रुबिस्को हे विकर विपुल असते. त्यामुळे प्रकाश वाढेल तसे प्रकाशसंश्लेषणही वाढत जाते. मात्र भर दुपारच्या उन्हाचा पूर्ण उपयोग त्यालाही करता येत नाही. उष्णतेने पर्णरंध्रे मिटू लागली की वेग मंदावतो. सावलीतील पान पातळ असते. वजनाच्या मानाने त्यात हरितद्रव्य अधिक असते आणि श्वसनावरील खर्च कमी असतो. मंद प्रकाशातही ते स्वतःचा निर्वाह करते. पण फळाला पुरवण्याजोगी शिल्लक त्याच्यापाशी फारशी उरत नाही.

सफरचंदाच्या झाडांवर याचा विशेष अभ्यास झाला आहे. पूर्ण सूर्यप्रकाशाच्या सुमारे ३० टक्क्यांहून कमी प्रकाश मिळणाऱ्या फांद्यांवर फुलकळ्या कमी धरतात, असे आढळले आहे. दाट वाढलेल्या आंब्यातही आतल्या फांद्यांवर फळ विरळच दिसते.

शहरात या सावलीत इमारतींची भर पडते. सुरतच्या पर्वत पाटियासारखी दाट वस्ती सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. म्हणजे इमारतीची सावली तिच्या उंचीएवढीच लांब, उत्तरेकडे पडते. गोव्यात सूर्य थोडा वर, सुमारे ५१ अंशांवर असला, तरी सावली उंचीच्या चार-पंचमांश भरते. आंब्याच्या मोहोराचे दिवसही हेच. म्हणून उंच भिंतीला लागून उत्तरेस लावलेले कलम उन्हाळ्यात उन्हात दिसले, तरी ऐन मोहोराच्या काळात सावलीत राहते.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या आंबा बागांसाठी सुचवलेल्या पुनरुज्जीवन छाटणीमागे झाडाच्या मध्यभागी ऊन पोहोचवणे हाच हेतू आहे. मात्र सावलीत पक्व झालेले पान नंतर जाड होत नाही. एकाएकी कडक ऊन लागल्यास ते करपते. त्यामुळे फळे उतरल्यावर छाटणी करणे आणि नवी पालवी उन्हातच वाढू देणे श्रेयस्कर. पुढील मोहोराची भिस्त त्याच पालवीवर असते.