गाव सोडले की नाव लागते

मंडळी, आपल्या ताटात किती गावे बसलेली असतात, कधी मोजली आहेत का? कोल्हापुरी रस्सा, नागपुरी संत्री, लोणावळ्याची चिक्की, म्हैसूरपाक... नकाशा पाठ होत नसेल तर आधी स्वयंपाकघरात जाऊन या, असे मी वर्गात मुलांना सांगत असे!

पण एक गंमत पाहा. गावाचे नाव पदार्थाला बहुधा गावात लागत नाही. कोल्हापूरच्या घरी पाहुण्याला 'तांबडा-पांढरा' वाढतात. 'कोल्हापुरी' म्हणतो तो बाहेरचा माणूस. जिन्नस वेशीबाहेर पडला, परक्या बाजारात "कुठला हो हा?" असे कोणी विचारले, की नाव चिकटते. हिंदीत खडीसाखरेला 'मिस्री' म्हणतात ते मिस्र, म्हणजे इजिप्तवरून. मोसंबीचे नाव आले मोझांबिकवरून. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा मुलूख गोव्याप्रमाणेच पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तीच मोसंबी मराठवाड्यात इतकी रुजली, की २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मोझांबिकचे, मान जालन्याचा!

आता आमच्या भिवंडीकडे येऊ. भिवंडीहून उत्तरेला गेले की वाडा लागते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हा तालुकाही आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता. तिथल्या भाताला जुनी माणसे 'झिनी' म्हणतात. दाणा बारीक, शिजल्यावर मऊ. तोच तांदूळ मुंबई-ठाण्याच्या दुकानात पोचला आणि 'वाडा कोलम' झाला. नाव गाजले तसे कुठलाही बारीक कोलम त्या नावाने खपू लागला. खरे पिकवणाऱ्याच्या हातात काय उरले? सांगा बरे!

यासाठीच १९९९ साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला आणि २००३ पासून लागू झाला. वाडा कोलमला हे मानांकन २०२१ मध्ये मिळाले. म्हणजे आता हे नाव कायद्याने त्या मातीशी बांधले गेले. आनंदच झाला.

तरीही मनात एक काळजी आहे. भिवंडीच्या आसपास जिथे पावसाळ्यात भाताची खाचरे दिसत, तिथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. जमीन विकणाऱ्याला दोष कसा द्यावा? भातशेतीत काय सुटते, ते त्यालाच ठाऊक. पण कायदा नावाचे रक्षण करील, शेताचे नाही. ते शेत टिकायचे तर पिकवणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळायला हवेत, आणि ते द्यायचे आपण, खाणाऱ्यांनी.

तेव्हा पुढच्या वेळी तांदळाच्या पिशवीवर 'वाडा' दिसले, तर तो कुठल्या शेतातून आला हे दुकानदाराला जरूर विचारा. आणि तुमच्या गावाचे नाव लावून फिरणारा एखादा जिन्नस असेल, तर तो तिथे अजून कोण पिकवतो, कोण करतो, तेही कळवा. वाट पाहतो.