कायोटी, काटकसर आणि काडतूस

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅन्ससमधल्या आमच्या पहिल्याच थंडीत एका रात्री चक्क कोल्हेकुई ऐकू आली. क्षणभर वाटले, आपण गावाकडच्या उसाच्या मळ्यातच आहोत! सकाळी शेजारचे म्हातारे शेतकरी म्हणाले, "कायोटी. माझी दोन कोकरं नेली." त्यांच्या हातात ओरखडे पडलेली एक जुनाट रायफल होती. एवढीशी बंदूक पुरते का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील .३०-०६ या जबरदस्त लष्करी काडतुसाने कायोटी मारीत. एकदा नेम चुकला, गोळी गोठलेल्या जमिनीवरून उसळली आणि पलीकडच्या कुरणातली शेजाऱ्याची गाय जखमी झाली. दोन घरांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते.

सशाच्या शिकारीला जाताना वाघाच्या शिकारीची तयारी करावी, अशी आपली म्हण आहे. या वडिलांनी नेमके तेच केले होते. कायोटीच्या बंदुकीचा इतिहास मात्र या म्हणीच्या उलट दिशेने जातो. लागेल तेवढेच आणि परवडेल तेवढेच, हे त्याचे सूत्र.

'कायोटी' हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतल्या 'कोयोत्ल'वरून आला. १८०४ साली लुईस आणि क्लार्क यांनी या प्राण्याला 'प्रेअरीचा लांडगा' म्हटले. १८२३ मध्ये थॉमस से यांनी त्याला 'कॅनिस लॅट्रान्स', म्हणजे 'भुंकणारा कुत्रा', असे शास्त्रीय नाव दिले. वजन साधारण दहा ते वीस किलो, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊच. आपला कोल्हा काकडीला राजी, तर हा कलिंगडालाही! पण कोकरू मिळाले तर सोडत नाही.

बेतशीर साधनांची सुरुवात महामंदीच्या तोंडावर झाली. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेतल्या हौशी तज्ज्ञांनी जुन्या छोट्या काडतुसावर प्रयोग केले. त्यातून आलेले .२२ हॉर्नेट १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने बाजारात आणले. आवाज कमी, धक्का नगण्य. त्याच वर्षी बिल वीव्हर या तरुणाने सामान्य माणसाला परवडणारी रायफलची दुर्बीण विकायला काढली. तोवर दुर्बीण ही श्रीमंतांची चैन होती. १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट आले. त्याची गोळी सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगाने जाई, पण नळी लवकर झिजवणारे म्हणून त्याचा बोलबाला झाला. शेतकऱ्याला ते कसे परवडावे?

दुसरे महायुद्ध संपले आणि त्याचे उरलेसुरले सामान शिकाऱ्यांच्या कामी आले. कॅन्ससच्याच ब्रूस हॉजडन यांनी विमा पॉलिसीवर कर्ज काढून लष्कराची पन्नास हजार पौंड शिल्लक दारू (बंदुकीची, बरं का!) विकत घेतली. ती रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवून ते टपालाने गिऱ्हाइके मिळवू लागले. आयडाहोत व्हर्नन स्पीअर वापरलेल्या .२२ काडतुसांच्या पितळी टोप्यांपासून नव्या गोळ्यांची कवचे बनवीत. घरी काडतुसे भरणाऱ्यांचा खर्च यामुळे बराच उतरला.

१९५० साली रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांचे .२२२ रेमिंग्टन आले. सौम्य, अचूक आणि नळीला जपणारे. त्याच सुमारास सॅव्हेज कंपनीची ३४० ही साधी, स्वस्त रायफल बाजारात आली. आमच्या म्हातारबुवांच्या हातात होती ती हीच.

पुढे .२२२ थोडे लांबवून .२२३ रेमिंग्टन तयार झाले (१९६४). त्याचेच लष्करी रूप एम-१६ रायफलीसाठी स्वीकारले गेले. सैन्यासाठी प्रचंड प्रमाणात बनू लागलेले काडतूस नागरिकांनाही स्वस्त मिळू लागले. आजही कमी खर्चात कायोटीची बंदूक जमवायची तर बहुतेक जण .२२३च निवडतात. रायफलीही स्वस्त झाल्या. सॅव्हेज ११० मध्ये (१९५८) नळी एका नटाने घट्ट बसवतात, त्यामुळे काडतुसाच्या कप्प्याचे माप चटकन जुळते आणि मजुरी वाचते. त्याच कंपनीची आजची स्वस्त 'ॲक्सिस' याच युक्तीवर उभी आहे.

गोळी निवडताना प्रथम नळीतला पीळ पाहावा. जुन्या नळ्यांत बारा-चौदा इंचांत एक फेरा असतो. त्यांना ५०-५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरची, हलकी गोळी मानवते. नऊ इंची पिळाला थोडी जडही चालते. ५५ ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर दीड इंच वर लागेल अशी दुर्बीण जुळवली, की दोनशेवर नेम बरोबर बसतो. तीनशेवर ती सुमारे सात इंच खाली येते. लष्करी धाटणीची पूर्ण कवचाची गोळी स्वस्त दिसली तरी घेऊ नये. ती आरपार जाते, जनावर घायाळ होऊन पळते आणि ती उसळण्याची भीतीही मोठी. पातळ कवचाची वेगवान गोळी सहसा शरीरातच फुटते आणि जनावर जागीच पडते. जमिनीवर आदळली तरी बहुधा तिचे तुकडेच होतात. तरीही नेमामागे मातीचा उंचवटा हवाच. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे, तिथे तांब्याची घ्यावी लागते.

या सगळ्याने कायोटी संपले का? छे! १९७२ साली भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा प्राण्यांसाठी विष वापरण्यास मनाई केली (तो आदेश १९८२ मध्ये मागे घेतला गेला). पण विष असो वा गोळी, कायोटी पसरतच गेला. लांडगे नाहीसे झाले, रान मोकळे मिळाले. आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात तो आहे, शिकागोसारख्या शहरातसुद्धा.

म्हातारबुवांना हे ठाऊक होते. "सगळे मारायचे नाहीतच," ते म्हणत, "कोकरावर येणारा तेवढा थांबवायचा. आणि ट्रिगर दाबण्याआधी त्याच्या मागे काय आहे ते बघायचं." आता ते नाहीत. रात्री कोल्हेकुई ऐकू आली, की पलीकडच्या कुरणातली ती गाय मला आठवते.