अंगठा, कात्री आणि शिवलेली बाही

माझी भाची सात वर्षांची आहे आणि अजून अंगठा चोखते. आजीने कोरफड लावून पाहिली, ओरडूनही झालं. आता ती चादरीखाली चोखते. तेव्हा प्रश्न पडला, मोठी माणसं या अंगठ्याला इतकी घाबरतात ती कधीपासून?

१८४५ साली फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांचं 'श्ट्रुव्वेलपेटर' निघालं. त्यातल्या एका गोष्टीत शिंपी येऊन कोनराडचे अंगठे कात्रीने कापतो. पण इथे गुन्हा आईचं न ऐकण्याचा आहे, आजाराचा नाही. १८७९ मध्ये हंगेरीचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी चोखण्यावर निबंध लिहिला; १९०५ मध्ये फ्रॉइड यांनी त्याच्या आधारे ही सवय बाललैंगिकतेशी जोडली. अमेरिकी सरकारच्या 'इन्फंट केअर' पुस्तिकेत १९१४ साली बाळाची बाही बोटांवर शिवून टाकायचा सल्ला होता. पुढे सूर मवाळ झाला. मार्था वोल्फेनस्टाइन यांनी त्याच पुस्तिकेच्या आवृत्त्या एकापुढे एक ठेवून हा बदल दाखवला.

संशोधनाची तयारी करताय ना, मग इथे जरा थांबा. सल्ल्याचं पुस्तक मुलं काय करत होती ते सांगत नाही. सल्ला देणारे कशाला भीत होते ते सांगतं.

आणि भाची? पक्के दात येताहेत, म्हणजे काळजी खोटी नाही. पण आता कॅलेंडरवर खुणा ती स्वतःच करते. चादर कोणी ओढत नाही.