भाकरीवरचं दूध, पाव्हलॉव्ह आणि कानामागची गोचीड

‘टॉपर’ म्हटलं की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. आजचा टॉपर मात्र कुत्र्याच्या ताटलीतला आहे. रोजच्या जेवणावर टाकलेला चमचाभर चवदार पदार्थ, म्हणजे टॉपर. नाव नवं, चाल जुनी. भाकरी कुस्करायची, वरून दूध नाहीतर ताक ओतायचं आणि कुत्र्यापुढे ठेवायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आता चला पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले. पुढे पाणलोटाची कामं झाली, गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. चराईबंदी म्हणजे जनावरं मोकाट सोडायची नाहीत, चारा गोठ्यातच घालायचा. पाणी अडलं, चारा वाढला, दूध वाढलं. पण गाव कुठलंही असो, गोठा म्हटला की राखणीला कुत्रा आला, आणि भिंतीच्या फटींत गोचीडही आली.

म्हणून कुत्र्याला विंचरणं हा शहरी नखरा नाही. ब्रश फिरवताना कानामागे, बोटांच्या बेचक्यात लपलेली गोचीड सापडते. ती राहून गेली तर एर्लिकिओसिससारखा आजार होऊ शकतो. ताप येतो, खाणं सुटतं, नाकातून रक्त येऊ शकतं. उपचाराला उशीर झाला तर जीवही जातो. आणि कुत्रा कानाला हातच लावू देत नसेल तर?

याचं उत्तर शोधायला जरा लांब जाऊ. रशियात इव्हान पाव्हलॉव्ह कुत्र्यांच्या पचनावर काम करत होते. त्या कामाला १९०४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या लक्षात आलं, की अन्नाआधी ठरलेली खूण वारंवार मिळाली, की नुसत्या खुणेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या सशाला घाबरणाऱ्या लहान मुलावरचा प्रयोग छापला. पीटर आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, मग रोज थोडा जवळ. शेवटी तो सशाला हात लावू लागला. पण जोन्स यांनी एक धोकाही सांगितला: घाई केली, तर मुलाला त्या खाण्याचीच भीती बसेल.

शंभर वर्षांनंतर तुमच्या ब्रशलाही हेच लागू होतं. आधी ब्रश दाखवा, मग टॉपर द्या. उलटं नको. आधी दही आणि मागून ब्रश असं झालं, तर कुत्रा दही बघूनच पळेल. पहिले काही दिवस ब्रश नुसता दिसू द्या, मग पाठीला एकदाच टेकवा, कान सगळ्यात शेवटी. कुत्रा अंग आकसतो, जीभ ओठांवरून फिरवतो, तोंड वळवतो? तिथेच थांबा. आणि हा खास टॉपर फक्त ब्रशच्या वेळीच. एरवी मिळाला तर त्याची किंमत राहत नाही.

टॉपर निवडायचा कसा? साधं दही, उकडलेलं अंडं, मीठमसाला न घातलेलं उकडलेलं चिकन (हाडं काढून), वाफवलेला लाल भोपळा. अगदी चमचाभर. दुधानं पोट बिघडत असेल तर दूध नको. पीनट बटर घेताना डब्यावर ‘झायलिटॉल’ लिहिलंय का ते बघा. ते कुत्र्याला विष आहे. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नको.

आणि कांदा-लसूण तर नकोच. याच तालुक्यात कोरठणचा खंडोबा आहे. खंडोबासोबत कुत्रा असतोच, म्हणून चंपाषष्ठीला त्यालाही घास घालतात. नैवेद्य भरीत-रोडग्याचा. रोडग्याचा तुकडा खुशाल द्या. भरतात कांदा-लसूण असेल तर ते आपल्या पानात राहू द्या, कारण त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. देवाच्या कुत्र्याचा मान तेवढ्यानं कमी होत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर कान तपासा… कुत्र्याचे!