श्रावणतालाचे प्रवासी

कान्ह्याच्या अरण्यात श्रावणताल नावाचे एक तळे आहे. आईवडिलांची कावड खांद्यावर घेऊन यात्रेस निघालेल्या श्रावणबाळास दशरथाचा बाण लागला तो येथेच, अशी या भागातील लोकश्रुती आहे. वाल्मीकीने हा प्रसंग शरयूच्या तीरी घातला आहे, हे वाचकांस विदितच आहे. तथापि लोककथेच्या स्थळनिर्णयाशी आपणांस कर्तव्य नाही. तिच्यातील मर्माशी आहे. एकाच पाण्यापाशी दोघे प्रवासी आले, एक यात्रेकरू आणि दुसरा शिकारी. शिकाऱ्याने आवाज ऐकला. माणूस मात्र पाहिला नाही.

माणसे दूरदूरची स्थळे पाहावयास का जातात, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा त्या स्थळांच्या गुणवर्णनाने देतो. आमच्या बालाघाट व शेजारच्या मंडला या जिल्ह्यांत पसरलेल्या कान्ह्याचा इतिहास निराळे सांगतो. स्थळ तेच राहते. येणाऱ्याचा हेतू पालटतो, आणि हेतूबरोबर त्यास काय दिसते व काय दिसत नाही, तेही पालटते.

एकोणिसाव्या शतकात येथे आलेले इंग्रज अधिकारी साल वृक्षांची गणती करण्यास व शिकार खेळण्यास आले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ मध्ये निघाला. त्यात अरण्याविषयीचे कुतूहल आणि बंदूक ही दोन्ही हातात हात घालून चालतात. पुढे १८९४ मध्ये किपलिंगच्या 'जंगल बुक'ने सिवनीचे रान व आमची वैनगंगा जगभरच्या मुलांच्या ओळखीची केली, आणि येथे येण्यास आणखी एक कारण निर्माण झाले : वाचलेले डोळ्यांनी पाहणे.

विसाव्या शतकात हेतू पुन्हा पालटला. १९३३ मध्ये अभयारण्य, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प, अशा पायऱ्यांनी शिकाऱ्याचे रान प्रेक्षकाचे झाले. मध्यंतरी १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ येथे राहिला. वाघ मारावयाचा नसून समजून घ्यावयाचा आहे, हा त्याच्या प्रवासाचा हेतू होता. त्याचे फळ म्हणजे त्याचा १९६७ चा ग्रंथ.

परंतु या सर्व प्रवाशांच्या आधीपासून येथे जे राहत होते, त्यांचे काय झाले? बैगा व गोंड यांची गावे या अरण्यात होती. बैगांची बेवर शेती, म्हणजे रान तोडून, जाळून त्या राखेत बी टाकण्याची रीत, सरकारला मान्य नव्हती. १८९० मध्ये तिला बैगाचक या मर्यादित टापूपुरतीच मुभा उरली. १९६९ पासून उद्यानातील गावे उठू लागली, आणि कालांतराने वीसहून अधिक गावे बाहेर गेली. ज्या विस्तीर्ण कुरणांचे प्रवासी आज कौतुक करतात, त्यांतील कित्येक या उठलेल्या गावांची शेते व गुरचरणी होत.

याची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९७० मध्ये कान्ह्यात अवघे ६६ बाराशिंगे उरले होते. सौंफ येथील गाव उठल्यावर तेथे उंच गवत माजले, माद्यांना पाडसे लपविण्यास आडोसा मिळाला, आणि नामशेष होऊ घातलेला तो कळप पुन्हा शेकड्यांनी वाढला. एक जीव वाचला, त्यासाठी एक घर उठले. दोन्ही खरे आहे. हे केवळ आमच्याकडेच घडले असे नव्हे. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्या भूमीतूनही मूळ रहिवासी दूर केले गेले. आफ्रिकेतील सेरेंगेटीतून १९५९ मध्ये मसाई पशुपालकांना निघावे लागले. जगातील कित्येक रम्य स्थळांची निर्जनता ही निसर्गदत्त नसून निर्माण केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल मुक्कीच्या बाजूने कान्ह्यात गेली होती. परतल्यावर 'मी काय पाहिले' या विषयावर मुलांकडून निबंध लिहवून घेतले. बहुतेकांचे पहिले वाक्य एकच होते : वाघ दिसला नाही. प्रथम मला हसू आले, मग खंत वाटली. कारण निघण्यापूर्वी मीच त्यांना वाघाखेरीज काही सांगितले नव्हते. आमच्याच जिल्ह्यातील मुले, त्यांच्यात बैहरकडची दोन बैगा मुलेही होती, आणि त्या कुरणावर कोणाचे गाव होते हे मी सांगितले नाही. पुढच्या सहलीपूर्वी मी ते सांगितले. तेव्हाही वाघ दिसला नाहीच, परंतु एका मोहाच्या झाडाखाली मुलांनी आपण होऊन विचारले, "गुरुजी, येथे कोणाचे घर असेल?"

प्रवासाचे फळ दिसलेल्या वस्तूंच्या संख्येत नसते, तर आपल्या हेतूबाहेरचे काही दिसले की नाही, यात असते. दशरथाचा अपराध नेम चुकण्याचा नव्हता. त्याचा नेम अचूक होता. पाण्यापाशी कोण आहे, हे त्याने पाहिले नव्हते, इतकेच.