वजनघट, मध्यमवयातील (मावळ–लोणावळा)

साधारण ४० ते ६० या वयात अंगावर चढलेले वजन उतरवणे आणि उतरलेले वजन पुढे टिकवणे. पहिले काम काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत होते. दुसऱ्याला मुदत नसते आणि वैद्यकात तेच अधिक अवघड मानतात. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका, विशेषतः लोणावळा, यांचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. योगोपचाराला प्रयोगशाळेत नेणारी कैवल्यधाम ही संस्था १९२४ पासून येथे आहे आणि चिक्की-फजची बाजारपेठही याच गावात आहे. वजन उतरवायला येणारे आणि नकळत वाढवून जाणारे शनिवारी एकाच गाडीतून उतरतात.

मोजमाप : किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) मिळतो. जागतिक कोष्टकात २५ पासून जादा वजन व ३० पासून स्थूलता धरतात. भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीने या मर्यादा २३ आणि २५ अशा खाली आणल्या. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, फितीने मोजायचा असतो. पँटचे माप येथे फसवते. पोट सुटले की पँट पोटाखाली सरकते, त्यामुळे वीस वर्षे ‘चौतीसच’ लागते असे अभिमानाने सांगणाऱ्या गृहस्थाचा खरा घेर बहुधा शंभरीकडे गेलेला असतो.

भारतीयांना वेगळे आकडे का, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्यातच सापडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण स्नायू जितके कमी तितकी चरबी कमी नव्हती. म्हणजे चाळिशीत दिसणाऱ्या पोटाची तयारी काही प्रमाणात गर्भातच झालेली असते. ‘आमच्या घरात कुणी जाड नाही’ हा दिलासा म्हणूनच फारसा कामाचा नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. कंबरेचा घेर लावला तेव्हा स्त्रियांचा आकडा ४० टक्क्यांवर गेला. वजनकाट्याला न दिसणारे फितीला दिसते.

कारणे : ‘वय झाले, आता खाल्लेले जिरत नाही’ हे स्पष्टीकरण घरोघरी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या, २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजणीत शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विशी ते साठी या काळात ऊर्जाखर्च जवळपास स्थिर असल्याचे दिसले. उतार साठीनंतर लागतो. मधल्या काळात कमी होतात ते स्नायू आणि हालचाल. स्त्रियांत पाळी जाण्याच्या सुमारास (भारतात सरासरी ४६–४७ व्या वर्षी) मांड्या-नितंबांकडे साठणारी चरबी पोटाकडे वळते, मग एकूण वजन फारसे न वाढताही कंबर वाढते.

मावळात हालचाल का घटली हे उघड्यावर दिसते. जूनमध्ये चिखलणी, मग आवणी, पुढे बेणणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी, उन्हाळ्यात राब भाजणे, अशी भातखाचरांची कामे वर्षभर अंग मोडत. वरकस जमिनीतली नाचणी आणि वरई डोक्यावरून खाली आणावी लागे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला. त्याच्या आगेमागे जमिनींचे भाव चढले, बंगले उठले, तळेगाव–चाकण पट्ट्यात कारखाने आले. आता पंचेचाळिशीतला शेतकऱ्याचा मुलगा कंपनीच्या बसने पाळीला जातो आणि उरलेल्या शेतात पॉवर टिलर फिरतो. ताट मात्र बापाचेच राहिले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ हा आंबेमोहोराच्या वंशातला, वासाचा, शिजल्यावर चिकट. मऊ भात चावावा लागत नाही, आमटीबरोबर भरभर खाली उतरतो आणि दुसरी वाढ कधी घेतली ते कळत नाही. दोष तांदळाचा नव्हे. आवणीच्या दिवसाचे ताट खुर्चीवरच्या दिवसाला वाढले जाते, त्याचा आहे. नाचणीची भाकरी तालुक्यातल्या घरांतून हळूहळू उठली आणि आता महामार्गालगतच्या हॉटेलांत ‘हेल्दी’ म्हणून दुप्पट दराने मिळते, हे येथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

कैवल्यधाम आणि निसर्गोपचार : स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) हे बडोद्याच्या प्रा. माणिकराव यांच्या आखाड्यात घडलेले व्यायामपटू आणि मालसरच्या परमहंस माधवदासांचे शिष्य. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना आत काय घडते हे त्यांनी क्ष-किरणे आणि दाबमापक लावून पाहिले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक काढले. मुंबईची शाखा १९३२ ची. वजन उतरवणे हा त्यांचा मुख्य विषय कधीच नव्हता. तो मागाहून, शहरी रुग्णांच्या मागणीने आला. हठयोगात त्याला आधार मात्र आहे. स्वामी दिगंबरजी आणि पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित करून १९७० मध्ये येथून प्रसिद्ध केलेल्या ‘हठप्रदीपिके’त षट्कर्मे (शरीरशुद्धीच्या सहा क्रिया) सर्वांना सांगितलेली नाहीत. मेद आणि कफ अधिक असलेल्यांनीच ती आधी करावीत असा तिथला निर्णय आहे. मिताहारात जठराचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगितले आहे.

याच जिल्ह्यात, पण पुण्याच्या पलीकडे, उरुळीकांचनला १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि मणिभाई देसाईंनी तो चालवला. ‘दहा दिवस उरुळीला जाऊन येतो’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गात वजन उतरवण्याशी कायमचे जोडले गेले आहे. ‘लोणावळ्याला जाऊन येतो’ या वाक्याचे दोन अर्थ निघत असल्यामुळे तिथे खुलासा करावा लागतो.

निवासी उपचारात घडते काय : पहाटे उठणे, जलनेती, आसने, फिरणे, माती किंवा पाण्याचे उपचार, मीठ-तेल बेताचे, भाज्या-सूप-ताक, संध्याकाळी लवकर जेवण, दहाला दिवे बंद. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले म्हणून पाहुणा हरखतो. त्यातली चरबी थोडी असते. यकृतात आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते. खाणे कमी झाले की साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे जाते. मीठ घटल्याने आणखी जाते. घरी परतून पहिल्या दोन जेवणांत यातले बरेच परत येते.

आसनांनी फार उष्मांक जळत नाहीत. सत्तर किलोच्या माणसाचे संथ आसनांच्या तासात सुमारे १७५, तर ताशी पाच किलोमीटर चालीने तासभर चालण्यात सुमारे २५० किलोकॅलरी खर्च होतात. शेंगदाण्याची चिक्की शंभर ग्रॅमला पाचशेच्या आसपास देते, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या तुकड्यात ते चालणे फिटले. आसनांचा लाभ दुसरीकडे आहे: सांधे मोकळे राहतात, झोप सुधारते, जेवताना घाई कमी होते. शिवाय मावळात एक स्थानिक कारण आहे. जून ते सप्टेंबर लोणावळ्यात पाऊस असा कोसळतो की छत्री उपयोगाची नाही आणि धुक्यात घाटरस्त्याकडेने चालणे जिवावरचे. वर्षभर टिकणारा व्यायाम येथे छपराखालीच बसवावा लागतो.

टिकवणे : वजन उतरले की शरीर ते परत मिळवायला बघते, आणि यात मनाच्या कमकुवतपणाचा भाग लोक समजतात त्याहून कमी आहे. ढोबळ हिशेब असा की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा ऊर्जाखर्च वीस ते तीस किलोकॅलरींनी घटतो आणि भूक शंभराच्या आसपास वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाची भूक हजाराने चढलेली आणि खर्च दोन-तीनशेने उतरलेला. ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी स्पर्धेतील चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले (२०१६), तेव्हा त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशेने कमीच निघाला.

तरीही काहींना जमते. अमेरिकेत १९९४ पासून चालणाऱ्या नोंदवहीत किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांच्या सवयी लिहून ठेवल्या आहेत: रोज तासाभराच्या आसपास हालचाल, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहणे, सणावाराला आणि एरवी सारखेच खाणे. शेवटची अट मराठी घराला सर्वांत जड. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी अशी रांग लागते आणि मधले उपास तर साबुदाण्याच्या खिचडीवर, वर शेंगदाण्याचे कूट आणि तूप घालून पार पडतात. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे लोकांनी स्वतःच कधीचे ओळखले आहे.

स्नायू राखणे हा दुसरा भाग. नुसते खाणे तोडून वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येताना चरबीच आधी येते. म्हणून चाळिशीनंतर आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा किंवा बैठका-जोर यांसारखा व्यायाम आणि प्रत्येक जेवणात प्रथिने हवीत. मावळी ताटात हे फार खर्चाचे नाही: मटकी, हुलगे, अंडे, पिठले, पवना नदीचे मासे. भात आधीच्या निम्मा घेऊन ती जागा उसळीने भरली तर घरात वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच कसोटी निर्णायक आहे. घरातल्या बाईला दोनदा चूल मांडायला लावणारी कोणतीही पद्धत सहा महिन्यांपलीकडे जात नाही, आणि वजन त्या बाईचेच उतरवायचे असेल तर सहा आठवड्यांपलीकडेही नाही.

महाराष्ट्रात गेल्या दशकात सर्वाधिक पसरलेली पद्धत दोन वेळा जेवणाची. तिचे मूळ नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीत आहे, प्रसार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी केला. खरी भूक लागते त्या दोन वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. तिच्यामागे सांगितल्या जाणाऱ्या इन्सुलिनच्या उपपत्तीबद्दल आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. फायदा मुख्यतः मधल्या वेळचा चहा-बिस्किटे, फरसाण आणि ‘चव घेण्याचे’ घास बंद झाल्याने होतो, असे म्हणायला जागा आहे. नियम तोंडपाठ करण्याइतका सोपा आणि ताट तेच, हे तिचे बळ.

किती उतरवावे : बहुतेकांचे ध्येय लग्नातल्या फोटोचे असते. वैद्यकाचे त्याहून पुष्कळ लहान आहे. अमेरिकेतील २००२ च्या मधुमेह-प्रतिबंध प्रयोगात सात टक्के वजनघट आणि आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम हे लक्ष्य होते. तेवढ्यावर मधुमेहाची शक्यता ५८ टक्क्यांनी घटली. २००६ च्या भारतीय प्रयोगात जीवनशैली-बदलाने ती २८.५ टक्क्यांनी घटली, आणि तीही सरासरी वजन फारसे न उतरता. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो.

औषधे : आठवड्याला एक टोचणी घ्यायची टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही औषधे २०२५ मध्ये भारतात आली. भूकच कमी करत असल्याने ती परिणामकारक आहेत, पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसले.

सावधगिरी : इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना उपास, दोन वेळचे जेवण किंवा निवासी उपचार डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय सुरू करू नयेत. शंखप्रक्षालन आणि वमनधौती उच्च रक्तदाब, हर्निया, जठरव्रण असलेल्यांनी टाळाव्यात. त्या पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून घरी करायच्या क्रिया नाहीत. महिन्याला पाच-सहा किलो अशी झपाट्याची घट पित्ताशयात खडे करू शकते. वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्यांनी पहिलाच व्यायाम म्हणून पावसाळी रविवारी लोहगडच्या पायऱ्या गाठू नयेत. आधी मळवली स्थानकापासून भाजे गावापर्यंतच्या सपाट रस्त्यावर काही आठवडे चालावे, गुडघे आणि दम काय म्हणतात ते पाहावे आणि मग पुढचा चढ धरावा.