पाळीची वाट पाहणारे खांब

१/ ९ फेब्रुवारी १९७१. कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडोच्या भूकंपात उड्डाणपूल कोसळले. सांधे निसटले आणि खांबही फुटले. उभ्या सळ्या जाड, पण त्यांना वेढणाऱ्या रिंगा बारीक व विरळ होत्या.

२/ डागडुजी मात्र आधी सांध्यांची झाली. पुलांचे गाळे पोलादी दोरांनी बांधले गेले. असेच दोर लावलेला ऑकलंडचा दुमजली सायप्रस मार्ग १९८९ मध्ये कोसळला. ४२ जणांचा मृत्यू झाला.

३/ त्यानंतर जुन्या खांबांना पोलादी कवच चढवण्याच्या कामाला वेग आला. मधल्या फटीत सिमेंटचे पातळ मिश्रण भरले जाई. असे आवळलेले काँक्रीट तडकले तरी विखुरत नाही.

४/ १७ जानेवारी १९९४, नॉर्थरिज. कवच चढवलेले खांब टिकले. सांता मोनिका महामार्गाचे पडलेले पूलही मजबुतीकरणाच्या यादीत होते; त्यांची पाळी तेवढी आली नव्हती.